हळदीचा रेणू आणि न उघडणारं तोंड

हळदीबद्दल मराठी माणसाला काही सांगायला जाणं म्हणजे आपणहून वाद ओढवून घेणं आहे. बोट कापलं की हळद दाबायची, घसा धरला की रात्री हळद घालून दूध प्यायचं, पाय मुरगळला की आंबेहळदीचा गरम लेप द्यायचा, हिरड्या सुजल्या की हळद-मीठ तेलात कालवून बोटाने चोळायचं. हे सगळं शाळेत जायच्या आधीच आपल्या कानावर पडलेलं असतं. तेव्हा ‘हळद गुणकारी आहे’ एवढंच वाचायला कुणी पुस्तक विकत घेऊ नये, आणि या पुस्तकाने त्यासाठी पानं खर्चही केलेली नाहीत. पुस्तकाचा प्रश्न अरुंद आहे. हळदीत कर्क्युमिन नावाचा पिवळा पदार्थ असतो. तो वेगळा काढून, मोजून, गोळी किंवा जेलच्या रूपात दिला, तर तोंडाच्या आजारांवर तो औषध ठरतो का? ठरत असेल तर कोणत्या आजारावर, आणि कुठे ठरत नाही?

प्रश्न मुद्दाम अरुंद ठेवावा लागतो, कारण हळदीचा विषय निघाला की आपल्याकडे अभिमान आधी बोलतो. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमा भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं. या पेटंटला आव्हान दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३ सालचा एक निबंध पुढे ठेवून पेटंट रद्द करण्याची मागणी केली, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्या लढाईचं मोल मोठंच आहे. त्यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला. पण तिथे नेमकं काय सिद्ध झालं, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. हळदीचा हा उपयोग आधीपासून माहीत होता, एवढंच सिद्ध झालं. हळदीने जखम किती दिवसांत भरते, कोणाची भरते, कोणाची भरत नाही, याचा निवाडा पेटंट कार्यालयाने केला नाही, आणि ते त्याचं कामही नव्हतं. उपाय जुना आहे म्हणजे तो लागू पडतोच, असं समजण्याची सवय आपल्याला लागली आहे. हे पुस्तक त्या सवयीशी भांडतं, आणि मला ते आवडलं ते मुख्यतः त्यामुळेच.

आता तोंडाकडे वळू. मुखरोगांत इथे महत्त्वाचे चार-पाच आहेत: हिरड्यांची सूज, तोंडात येणारे चट्टे, ‘लायकेन प्लॅनस’ हा जाळीदार पांढऱ्या रेषांचा चिवट आजार, कर्करोगाच्या किरणोपचारांनी सोलवटलेलं तोंड, आणि सुपारीने आखडलेलं तोंड. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर सगळ्यात जास्त पानं शेवटच्या आजाराला मिळायला हवीत. या पुस्तकात ती मिळाली आहेत.

नागपूरच्या कुठल्याही दातांच्या दवाखान्यात हे दृश्य दिसतं. पंचविशीतला मुलगा खुर्चीत बसतो. ‘तोंड उघडा. अजून. अजून थोडं.’ ‘बस्स, इतकंच उघडते सर.’ डॉक्टर वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये कॅलिपर धरतात: बावीस मिलिमीटर. निरोगी मोठ्या माणसाचं तोंड चाळीस मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त उघडतं. गालाच्या आतून बोट फिरवलं तर मऊ अस्तराच्या जागी उभे ताठ पट्टे लागतात, अस्तर पांढुरकं आणि निस्तेज पडलेलं असतं, पडजीभ आक्रसलेली असते. मुलगा सांगतो की भाजीतली मिरची सोसत नाही, आग होते, वडापाव तोडून तोडून खावा लागतो. गाल फुगवायला सांगितलं तर फुगत नाहीत, शिटी वाजत नाही. खिशात खर्रा असतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला. पश्चिम महाराष्ट्रात त्याचाच भाऊबंद मावा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि ती दर वर्षी नव्याने जाहीर होते. तरीही २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेत होते.

या आजाराचं वैद्यकीय नाव ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिस’. आधुनिक वैद्यकात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये झाली, ती केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडांवरून. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचं वर्णन भारतीय नियतकालिकात केलं. म्हणजे रोग परदेशात सापडला तोही आपल्याच माणसांत. कारण सुपारी. तिच्यातलं अरेकोलिन हे अल्कलॉइड अस्तराखालच्या पेशींना कोलॅजेन बनवायला उकसवतं. सुपारीत तांब्याचं प्रमाणही जास्त असतं, आणि कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या विकराला तांबं लागतं. धागे वाढतात, आवळतात, आणि ते मोडण्याची शरीराची व्यवस्था मंदावते. तंबाखू नसली, नुसती सुपारी असली तरीही हे होतं. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला स्वतंत्रपणे, तंबाखूविनाही, कर्करोगकारक ठरवलं. मुखवास म्हणून मुलांच्या हातावर गोड सुपारी ठेवणाऱ्या घरांनी हे दोनदा वाचावं.

या अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे, आणि त्याचा अभिमान मात्र जरूर बाळगावा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांनी दंत संशोधनाचा विभाग उभा केला. त्यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं घरोघर जाऊन तपासली. याच विभागाने केरळात एर्नाकुलमला सबम्युकस फायब्रोसिसचे ६६ रुग्ण १७ वर्षांच्या काळात पाठपुरावा करून पाहिले; त्यांपैकी पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, कर्करोग झाला. तोंड न उघडणं हा नुसता जेवणाचा त्रास नाही, हे त्या आकड्याने कायमचं ठरवलं. उपचार मात्र आजही अपुरे आहेत. गालात स्टेरॉइड आणि हायलुरोनिडेजची इंजेक्शनं, जबड्याचे व्यायाम, आणि फारच आखडलं तर शस्त्रक्रिया. इंजेक्शनं दुखतात, आठवड्यामागून आठवडे घ्यावी लागतात, आणि रोजंदारीवरचा माणूस चौथ्या-पाचव्या वेळेनंतर येईनासा होतो. चघळता येईल अशा, निर्धोक औषधाची गरज इथून निघते.

कर्क्युमिन इथे का आठवलं, हे समजण्यासाठी आधी त्याचं मोजमाप पाहू. फोगेल आणि पेल्टिए यांनी १८१५ मध्ये हळदीतून हा पिवळा पदार्थ वेगळा काढला. त्याची रचना १९१० मध्ये उलगडली. हळकुंडात तो साधारण तीन टक्के असतो, जातीप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे कमी-जास्त. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीत तो जास्त भरतो. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये. सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा चालतो तेव्हा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो. रंग म्हणजे कर्क्युमिनच, पण नुसत्या नजरेला टक्का कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

या टक्क्याचा हिशेब वाचकाने एकदा स्वतः करावा. भाजीत जाणारी चिमूटभर हळद पाव ग्रॅम धरली, तर तिच्यात कर्क्युमिन सात-आठ मिलिग्रॅम. तोंडाच्या आजारावरच्या एका गाजलेल्या चाचणीत रोजची मात्रा ६,००० मिलिग्रॅम होती. तेवढं हळदीतून मिळवायचं तर रोज दोनशे ग्रॅम हळद खावी लागेल. ‘आपण रोज हळद खातोच की’ हे वाक्य या हिशेबापुढे उभं राहत नाही. स्वयंपाकघरातली हळद आणि दवाखान्यातलं कर्क्युमिन यांचा उगम एक आहे, पण त्यांचा वापर आणि त्यांचं प्रमाण यांत फार अंतर आहे. एकाचा अनुभव दुसऱ्याच्या खात्यावर लिहिता येत नाही.

आणि गोळीच्या रूपात खाल्लं तरी अडचण संपत नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. पोटातून जे थोडं शोषलं जातं, त्याचं आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात तत्काळ रूपांतर होतं, आणि रक्तात नाममात्र उरतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपेरिन २० मिलिग्रॅम दिलं, तर शोषण वीसपट वाढतं. पुढे हळद-दुधात मिरपूड घालण्याची टूम निघाली. पण वीसपट कशाच्या? मुळात रक्तात इतकं थोडं सापडत होतं की त्याची वीसपटही फारशी भरत नाही. शिवाय पायपेरिन इतर औषधांचंही शोषण बदलतं, हा धोका जाहिरातीत नसतो.

या पुस्तकाचा खरा मुद्दा इथे येतो, आणि तो मला पटला आहे. गुडघ्यासाठी, यकृतासाठी, मेंदूसाठी कर्क्युमिन द्यायचं तर ते रक्तातून तिथवर पोचायला हवं, आणि नेमकं तेच होत नाही. तोंडाचं तसं नाही. रोग समोर, बोट पोचेल तिथे आहे. औषध तोंडातच ठेवायचं, चघळायचं, लावायचं; रक्तात गेलं नाही तरी चालतं. कर्क्युमिनचा सर्वांत मोठा दोष ज्या थोड्या ठिकाणी आड येत नाही, त्यांत तोंड पहिलं. मग प्रश्न उरतो तो टिकण्याचा. लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होते आणि लावलेलं औषध धुऊन नेते. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश इतकं परिणामकारक ठरतं ते दातांना आणि अस्तराला तासन्‌तास चिकटून राहतं म्हणून. कर्क्युमिनला ही चिकाटी बाहेरून द्यावी लागते. म्हणून हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या, अस्तराला धरून राहणारी जेल आणि पट्ट्या यांवर इतकं काम चाललं आहे. पुस्तकातलं औषध-रूपांवरचं प्रकरण किचकट वाटेल, पण ते गाळू नये. सगळं यश-अपयश तिथे ठरतं.

चाचण्यांचं काय? मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेतून १९९७ मध्ये एक निबंध आला. सबम्युकस फायब्रोसिसच्या रुग्णांना तीन महिने हळदीचं तेल किंवा हळदीचा अर्क देऊन पेशींमधल्या जनुकीय बिघाडाच्या खुणा मोजल्या, आणि त्या कमी झालेल्या दिसल्या. तोंड किती उघडलं हे पाहणारी चाचणी नंतर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात झाली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. पंधरा रुग्णांना कर्क्युमिनच्या चघळायच्या गोळ्या, पंधरांना क्लोबेटासोल हे स्टेरॉइडचं मलम, असे तीन महिने. सहा महिने पाठपुरावा. कर्क्युमिनच्या गटात तोंड सरासरी ५.९३ मिलिमीटर जास्त उघडायला लागलं, मलमाच्या गटात २.६६. तिखटाने होणारी आगही पहिल्या गटात जास्त कमी झाली. सहा मिलिमीटर म्हणजे किती, हे बावीस मिलिमीटरवाल्याला विचारावं: चमचा सरळ आत जातो, ब्रश दाढेपर्यंत पोचतो. पण तीसच रुग्ण. औषध कोणतं दिलं जातंय हे रुग्णापासून लपवता येणंही कठीण, कारण एकीकडे गोळी आणि दुसरीकडे मलम. या चाचणीवरून आशा धरावी, इतर उपचार मात्र सोडू नयेत.

लायकेन प्लॅनसची गोष्ट आणखी बोलकी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २,००० मिलिग्रॅमची चाचणी सुरू झाली. तेहतीस रुग्णांनंतर मधल्या टप्प्यावर आकडे तपासले, फरक दिसण्याची शक्यता उरली नव्हती, आणि चाचणी थांबवली. २००७ मध्ये हे अपयश त्यांनी छापलंही. त्याच चमूने मग २० रुग्णांना रोज ६,००० मिलिग्रॅम बारा दिवस दिलं, आणि २०१२ मध्ये सुधारणा झाल्याचं नोंदवलं. अपयश छापणारे संशोधक कर्क्युमिनच्या जगात विरळा; पुस्तकाने त्यांना दिलेली जागा योग्यच आहे.

हिरड्यांबद्दल थोडक्यात. पुण्यात शंभर जणांवर झालेल्या तुलनेत हळदीचं माउथवॉश हिरड्यांच्या सुजेवर क्लोरहेक्सिडिनच्या बरोबरीने उतरलं, पण दातांवरचा थर रोखण्यात क्लोरहेक्सिडिन पुढे राहिलं. क्लोरहेक्सिडिनने दातांवर तपकिरी डाग पडतात, तोंडाची चव बिघडते; हळदीने ते होत नाही, पिवळेपणा तेवढा येतो. मात्र दातांवर घट्ट बसलेलं कीटण दोहोंनीही निघत नाही. ते यंत्रानेच काढावं लागतं, आणि त्यासाठी डॉक्टरकडे जायला टाळाटाळ करणाऱ्याला हळदीची पेस्ट फक्त सबब पुरवते. कर्क्युमिनचा एक वेगळाच गुणही संशोधकांच्या हाती लागला आहे: ते निळा प्रकाश शोषून घेतं. दातातलं सिमेंट कडक करण्यासाठी डॉक्टर जो निळा दिवा धरतात, तसाच प्रकाश कर्क्युमिन लावलेल्या जागी टाकला तर प्राणवायूचं तीव्र रूप तयार होऊन जंतू आणि बुरशी मरतात. ब्राझीलमधल्या प्रयोगशाळांनी यावर बरंच काम केलं आहे.

वनस्पतीतला पदार्थ दंतवैद्यकात पक्का स्थिरावल्याचं उदाहरण हवं असेल तर लवंगेतलं युजेनॉल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून झिंक ऑक्साइडबरोबर कालवून ते दाढेच्या तात्पुरत्या भरणीत वापरलं जातं. त्याचं प्रमाण ठरलं, जोडीदार ठरला, आणि जास्त झालं तर ते अस्तर भाजतं हेही ठरलं. मगच ते औषध झालं. कर्क्युमिन अजून त्या वाटेवर अर्ध्यात आहे.

शंकेखोरांचीही बाजू ऐकली पाहिजे. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकात कर्क्युमिनवर सविस्तर समीक्षा आली. तिचा निष्कर्ष खडखडीत होता: १२० हून अधिक वैद्यकीय चाचण्या झाल्या, पण दुहेरी-अंध (कोणाला काय दिलं हे रुग्णालाही आणि डॉक्टरलाही माहीत नसलेली), प्लासिबोशी म्हणजे नकली औषधाशी तुलना करणारी एकही यशस्वी नाही. कारणही सांगितलं होतं. हा रेणू प्रयोगशाळेत जवळजवळ प्रत्येक चाचणीला ‘होय’ म्हणतो. तो स्वतः प्रकाश देतो, धातूंना धरतो, प्रथिनांना चिकटतो, अल्कधर्मी द्रावणात काही मिनिटांत मोडतो. हळदीत चुना किंवा टाकणखार मिसळून कुंकवाचा लाल रंग आणणाऱ्यांना त्याचा हा बदलता स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यात भर म्हणजे अमेरिकेतल्या एका नामवंत कर्क्युमिन संशोधकाचे अनेक निबंध नियतकालिकांनी मागे घेतले. समीक्षेचा रोख पोटातून घेण्याच्या औषधावर जास्त आहे, तोंडात लावण्याच्या औषधावर कमी, असं माझं मत आहे. पण तो इशारा बाजूला सारून हे पुस्तक लिहिता आलं नसतं, आणि लिहिलंही नाही.

निर्धोकपणाबद्दल दोनच गोष्टी. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण आढळले, आणि तिथल्या आरोग्य मंत्रालयाने वेष्टनावर इशारा सक्तीचा केला. तेव्हा यकृताचा किंवा पित्ताशयाचा आजार असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मोठ्या मात्रेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. दुसरी गोष्ट भेसळीची. बांगलादेशात त्याच वर्षी संशोधकांनी दाखवून दिलं की हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून तीत शिशाचं क्रोमेट मिसळलं जात होतं. शिसं मेंदूला घातक. सुजलेल्या हिरडीवर सुटी, भगभगीत रंगाची हळद रोज चोळणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

आता वाचकाला एकच सांगणं. हे पुस्तक वाचण्याआधी आपली पहिली तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. ती जात नसतील, तोंडात तिखटाने आग होत असेल, किंवा दोन आठवड्यांहून जुनी, न भरलेली जखम असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी दंतवैद्याकडे जा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे ही तपासणी होते. सुपारी, खर्रा, मावा, गुटखा यांतलं जे काही चालू असेल ते त्याच दिवशी बंद करा, कारण ते चालू असताना या आजारावर ना इंजेक्शन टिकतं, ना कर्क्युमिन. हळदीची गोळी घ्यायची की नाही, कोणती आणि किती, हे तपासणीनंतर डॉक्टरांबरोबर बसून ठरवा.